लढाऊ विमानाच्या मॉडेलवर डिकल लावायचेत? बेळगाव भागातल्या नवशिक्यांसाठी

प्लॅस्टिकचं विमान जोडून होतं, रंगही बरा बसतो, आणि मग राउंडेल, म्हणजे पंखावरचं गोल राष्ट्रीय चिन्ह, लावल्यावर त्याच्याभोवती चकाकणारी पांढुरकी कड उठून दिसायला लागते. नव्या मंडळींची तक्रार ठरलेली: ‘डिकलच खराब आला.’ डिकल म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवत लावायचं छापील चिन्ह. तो क्वचितच खराब असतो. खालचा रंग खरखरीत राहिलेला असतो, नाहीतर वाटीत बोअरचं पाणी असतं, नाहीतर कुठल्या विमानाचा नंबर लावायचा हेच ठरलेलं नसतं. म्हणून या लेखात डिकल पाण्यात टाकायच्या आधीचं जास्त आहे.

लिहिताना बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इकडचे वाचक डोळ्यासमोर आहेत. परदेशातल्या व्हिडिओंत दोन गोष्टी नसतात, आपला पावसाळा आणि आपला बाजार. पहिला त्रास देतो. दुसरा मात्र नीट हिंडलात तर बरंच काही देतो.

१. आधी विमान ठरवा, मग डिकलची शीट घ्या

‘भारतीय मिग-२१ करायचंय’ एवढ्यानं भागत नाही. मिग-२१ हवाई दलात १९६३ साली आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला त्याला निरोप दिला गेला. साठच्या दशकातलं मिग-२१ एफएल उघड्या धातूच्या रंगाचं, १९७१ च्या युद्धात त्यांतल्या अनेकांवर कॅमोफ्लाज चढलेला, आणि अखेरची बायसन, म्हणजे सुधारलेली मिग-२१, राखाडी. राउंडेल कुठं, नंबर केवढा, शेपटीवर कुठल्या स्क्वॉड्रनचं चिन्ह, हे सगळं या साठ वर्षांत बदलत गेलं. तेव्हा एक विमान, एक नंबर आणि एक साल ठरवा, आणि त्याच विमानाचे दोन्ही बाजूंचे फोटो गोळा करा. ‘भारत रक्षक’ आणि ‘वॉरबर्ड्स ऑफ इंडिया’ या संकेतस्थळांवर भरपूर साहित्य आहे. डाव्या बाजूचा फोटो मिळाला म्हणून उजवी बाजू तशीच असेल असं धरून चालू नका. फिन फ्लॅशचे, म्हणजे शेपटीवरच्या तिरंग्याचे, पट्टे कुठल्या क्रमानं आहेत हे तर प्रत्येक बाजूला वेगळं बघा.

राउंडेल सोपं वाटतं: बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. पण हे १९५० पासूनचं. आपलं पहिलं जेट व्हॅम्पायर १९४८ साली आलं, तेव्हा राउंडेलमध्ये अशोकचक्र होतं. सुरुवातीच्या काळातलं व्हॅम्पायर करणाऱ्यानं बाजारातली तिरंगी शीट डोळे झाकून वापरली तर साल चुकलं म्हणून समजा.

नंबरचंही तसंच. आधीची अक्षरं विमानाच्या प्रकाराप्रमाणे असतात. मिराज २००० ला केएफ, दोन आसनी असेल तर केटी. सुखोई-३० एमकेआयला एसबी. जग्वारला जेएस, सागरी कामाच्या जग्वारला जेएम, प्रशिक्षणाच्या दोन आसनीला जेटी. मिग-२९ ला केबी, तेजसला एलए. राफेलच्या एक आसनीला बीएस आणि दोन आसनीला आरबी. शीटवर एखादा अंक कमी पडला की लोक उरलेल्या अक्षरांतून कसातरी नंबर जुळवतात, आणि मिराजच्या पाठीवर जग्वारची अक्षरं येऊन बसतात. माहितगार माणूस आधी तेच बघतो.

आणखी एक सापळा डब्यातच असतो. रशियन विमानांच्या किटमध्ये स्टेन्सिल, म्हणजे ते बारीक सूचनांचे डिकल, बहुधा रशियन भाषेत छापलेले येतात. आपल्याकडची मिग-२१ मोठ्या संख्येनं एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) नाशिक कारखान्यात, ओझरला बनली. तुमच्या विमानावर सूचना कुठल्या लिपीत आहेत हे फोटोत वाचा आणि मगच शीट मागवा.

पहिलंच मॉडेल असेल तर उघड्या धातूच्या रंगाचं विमान घेऊ नका. दिसतं झकास, पण चकचकीत धातूवर डिकलची प्रत्येक कड दिसते. १/७२ मधलं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, राखाडी मिराज किंवा सुखोई घ्या. सुखोई मोठं आहे, हाताला जागा मिळते.

खरं विमान बघायचं असेल तर आपल्याला गोवा जवळ. चोर्ला घाटानं उतरलं की दाबोळी, आणि बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय. तिथं सी हॉक आहे, सी हॅरिअर आहे. सी हॅरिअर म्हणजे ‘व्हाइट टायगर्स’ स्क्वॉड्रनचं, २०१६ साली सेवेतून गेलेलं. बेंगळुरूला एचएएलचं हेरिटेज सेंटर आहे, रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं सकाळी पोहोचता. एवढं लक्षात ठेवा की संग्रहालयातल्या विमानांना पुन्हापुन्हा रंग दिलेला असतो. स्टेन्सिल बुजलेले असतात, नंबर भलतीकडं असू शकतो. पॅनेलच्या रेघा (पत्र्यांचे जोड), झाकणं, पायऱ्या, इशाऱ्याचे त्रिकोण कुठं असतात ते तिथं टिपा. रंगाचा दाखला मात्र जुन्या फोटोंतूनच घ्या.

सांबऱ्याच्या विमानतळाला लागून हवाई दलाचं स्टेशन आहे. विमानात चढता-उतरता तिकडं मोबाइल रोखून फोटो काढण्याचा मोह टाळा. संरक्षण खात्याच्या हद्दीत फोटोला बंदी असते.

२. सामान

याच्यासाठी सगळं बाहेरून मागवायची गरज नाही.

ब्लेड: सर्जिकल सामानाच्या दुकानात ११ नंबरचं ब्लेड आणि ३ नंबरचा दांडा मागा. टोकदार असतं, डिकल कापायला याच्याइतकं चांगलं काही नाही. स्टेशनरीतला जाड कटर कागद ओढतो.

चिमटा: चपट्या टोकाचा, घड्याळवाल्याकडं असतो तसा. आत दातरे असलेला नको.

ब्रश: मऊ, १ नंबर आणि ०० नंबर. रंगाचे वेगळे, डिकलचे वेगळे.

पाणी: बॅटरीच्या दुकानात मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर. बोअरच्या पाण्यातले क्षार ग्लॉसवर, म्हणजे चकचकीत पारदर्शक थरावर, सुकले की पांढरी वर्तुळं उमटतात आणि वर मॅट, म्हणजे बिनचमकीचा, कोट मारला की ती कायमची आत अडकतात.

सेटर आणि सॉफ्टर: ही दोन वेगळी औषधं आहेत, एकमेकांची कामं करत नाहीत. मायक्रोस्केलचं मायक्रो सेट निळ्या लेबलचं, मायक्रो सोल लाल लेबलचं. मिस्टर हॉबीचं मार्क सेटर आणि मार्क सॉफ्टर. टामियाचं मार्क फिट. सेटर डिकल चिकटायला मदत करतो, सॉफ्टर डिकल वितळल्यासारखा मऊ करून खाचेत बसवतो. मायक्रो सेटला व्हिनेगरचा वास येतो, आणि अगदी नडलं तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून सेटरचं काम काढता येतं. सॉफ्टरला मात्र घरगुती पर्याय शोधू नका. थिनरचे प्रयोग करणारे खालचा रंग घालवून बसतात.

ग्लॉस आणि मॅट क्लिअर (रंगावरचे पारदर्शक थर): याच्यावर पुढं सविस्तर.

बाकी इअरबड, टिश्यू पेपर, टेबल लॅम्प, भिंग, एक बशी. शिवाय कुंद्याचा रिकामा प्लॅस्टिक डबा. डिकल सुकताना मॉडेलवर तो पालथा घातला की धूळ बसत नाही, फक्त डबा मॉडेलपेक्षा मोठा बघून घ्या.

कागदपत्रांत तीन गोष्टी समोर हव्यात: निवडलेल्या विमानाचे छापून घेतलेले फोटो, शीटसोबत आलेला नकाशा, आणि त्या नकाशाची झेरॉक्स. झेरॉक्सवर प्रत्येक डिकल लावला की पेनानं खूण करायची. ऐंशी-नव्वद बारीक स्टेन्सिल असले की कुठला लावला आणि कुठला राहिला हे नजरेनं कळत नाही.

मागवताना पत्त्यावर पिन नीट घाला. बऱ्याच विक्रेत्यांच्या यादीत अजून बेलगाम आहे, काहींकडं बेलगावी. जे दिसेल ते निवडा, पिन बरोबर असला की पोहोचतं. परदेशातून शीट मागवली तर कस्टम ड्युटी लागू शकते, तेवढे पैसे हाताशी ठेवा. लॅकर (कडक द्रावकाचा, भराभर वाळणारा क्लिअर) ज्वलनशील म्हणून काही विक्रेते कुरिअरनं पाठवतच नाहीत, त्याचा विचार करून क्लिअर कुठला वापरायचा ते ठरवा.

३. शीट हातात आल्यावर

उजेडात तिरपी धरून बघा. फिल्मवर, म्हणजे डिकलच्या पारदर्शक पापुद्र्यावर, केसासारख्या भेगा दिसतात का? रंग एकमेकांवर नीट बसलेत का? केशरी आणि पांढऱ्याच्या मध्ये फट असेल तर ते राउंडेल कितीही निगुतीनं लावलं तरी वाकडंच दिसणार.

जुनी शीट असेल तर नको असलेला एक डिकल, बहुधा दुसऱ्या देशाचा, आधी पाण्यात टाका. तुकडे झाले तर अख्ख्या शीटवर ग्लॉस क्लिअरचा हलका कोट मारा किंवा मायक्रोस्केलचं लिक्विड डिकल फिल्म ब्रशनं लावा. त्यानंतर प्रत्येक डिकल वेगळा कापावा लागेल, कारण आता सगळी शीट एकच फिल्म झालेली असते.

माप तपासा. मिग-२१ च्या पंखांची रुंदी ७.१५ मीटर. १/७२ ला ती ९९ मिलिमीटर, १/४८ ला १४९ मिलिमीटर. समजा खालून काढलेल्या फोटोत पंखांची रुंदी पडद्यावर २४ सेंटिमीटर भरते आणि राउंडेल २ सेंटिमीटर. म्हणजे बारावा भाग. तर १/७२ मॉडेलवर ते सव्वाआठ मिलिमीटरच्या आसपास हवं. शीटवरचं दहा मिलिमीटरचं निघालं तर दुसरी शीट बघा. फोटो तिरका असेल तर हा हिशेब चुकतो, म्हणून अगदी खालून किंवा अगदी बाजूनं काढलेलाच घ्या.

४. ग्लॉस: निम्मं काम इथं

लढाऊ विमानाचा रंग बहुधा मॅट असतो. मॅट रंग म्हणजे सूक्ष्म खडबडीत पृष्ठभाग. त्यावर डिकल ठेवला की फिल्म उंचवट्यांवर टेकते आणि खाली हवा राहते. तीच हवा उजेडात चंदेरी दिसते. म्हणून रंग पूर्ण वाळल्यावर आधी ग्लॉस, मग डिकल, मग शेवटी मॅट. हा क्रम मोडायचा नाही.

ग्लॉस पुरेसा झाला की नाही हे ओळखायची खूण: टेबल लॅम्पचं प्रतिबिंब पंखावर धरा. बल्बची कड स्पष्ट दिसली तर झालं. नुसताच उजेडाचा ढग दिसला तर अजून एक पातळ कोट. जाड कोट एकदम मारू नका, पॅनेलच्या रेघा बुजतात.

आता पावसाळा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडं पाऊस सतत पिरपिरत असतो, भिंतीसुद्धा घामेजतात. अशा हवेत लॅकरचा स्प्रे मारला की द्रावक भराभर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि क्लिअर दुधाळ होतो. खानापूरकडच्यांना तर हे नेहमीचंच. यावर उपाय साधे आहेत. उघडीप असलेल्या दिवशी दुपारी बारा ते तीनमध्ये मारा. स्प्रेचा डबा आधी कोमट पाण्यात पाचेक मिनिटं ठेवा. गरम पाण्यात नाही, गॅसवर तर मुळीच नाही. मॉडेल दिव्याच्या उबेत ठेवून कोरडं करून घ्या. आणि सलग आठ दिवस पाऊस असेल तर ग्लॉस मारूच नका, त्या दिवसांत नंबर जुळवणं, डिकल कापून ठेवणं अशी बैठी कामं उरका. ॲक्रिलिक ग्लॉस एअरब्रशनं मारणाऱ्यांना हा त्रास कमी, पण वाळायला वेळ जास्त. चोवीस तास द्या, ओल्या हवेत अठ्ठेचाळीस.

ऑटोच्या दुकानात मिळणारा क्लिअर लॅकर स्वस्त पडतो, म्हणून बरेच जण तोच घेतात. त्यातला द्रावक कडक असतो. इनॅमल रंगावर मारला तर खालचा रंग सुरकुततो. वापरायचाच असेल तर प्लॅस्टिकच्या चमच्यावर तुमचा प्रायमर, तुमचा रंग आणि वर हा क्लिअर असं करून एक दिवस ठेवा. हाच चमचा पुढं सॉफ्टरच्या चाचणीलाही ठेवा. काही कडक सॉफ्टर ॲक्रिलिक ग्लॉसलाच मऊ करतात, आणि ते पंखावर कळण्यापेक्षा चमच्यावर कळलेलं बरं.

५. डिकल लावणं

हात धुवा. तेलकट बोटांनी ग्लॉसला हात लावला की तिथं डिकल सुटतो. मॉडेल एकदा ओल्या टिश्यूनं पुसून कोरडं करा.

मोठ्यापासून सुरुवात करा: राउंडेल, फिन फ्लॅश, नंबर, स्क्वॉड्रनचं चिन्ह, मग स्टेन्सिल. वरची बाजू एका बैठकीत, खालची दुसऱ्या. एकाच बसणीत सगळं उरकायला गेलात की वरचं ओलं राउंडेल टेबलाला चिकटून निघतं.

डिकल छापील कडेच्या शक्य तितक्या जवळून कापा. फिल्म जितकी कमी, तितकी लपवायला कमी. गोल राउंडेल कापताना ब्लेड स्थिर ठेवून कागद फिरवा.

कोमट पाण्यात पंधरा-वीस सेकंद. मग काढून टिश्यूवर मिनिटभर ठेवा. डिकल पाण्यातच कागदापासून सुटून तरंगेपर्यंत थांबू नका, मागचा गोंद धुऊन जातो. बोटानं हलकेच ढकलून बघा. सरकला की तयार.

तेवढ्यात मॉडेलवर त्या जागी ब्रशनं सेटर लावून ठेवा. कागद जागेजवळ नेऊन डिकल सरकवत उतरवा. चिमट्यानं उचलून हवेतून नेलात तर तो स्वतःभोवती गुंडाळतो, आणि मग सोडवता सोडवता संध्याकाळ होते. ओल्या ब्रशनं जागेवर आणा, दुरून बघा, डोळा विमानाच्या पातळीवर आणून बघा. नंबर पॅनेलच्या रेघेला समांतर आहे का? नसेल तर अजून सरकवता येतो.

मग ओला करून पिळलेला इअरबड मधोमध ठेवून बाहेरच्या बाजूला फिरवत पाणी काढा. घासायचं नाही, फिरवायचं. पाच-दहा मिनिटं थांबा आणि मग सॉफ्टर.

इथं नवशिक्यांचा जीव वरखाली होतो. सॉफ्टर लागल्यावर दोन-तीन मिनिटांत राउंडेल सुरकुतायला लागतं. केशरी पट्टा लाटेसारखा उचलतो, पांढऱ्यात घड्या पडतात, गेलंच असं वाटतं. हात लावू नका. बोट नाही, ब्रश नाही, फुंकरही नाही. त्या वेळी फिल्म ओल्या कागदापेक्षा नाजूक असते. डबा पालथा घाला आणि उठून चहा ठेवा. अर्ध्या-पाऊण तासानं बघा: घड्या गेलेल्या असतात आणि खालची पॅनेलची रेघ राउंडेलमधून आरपार उमटलेली असते. नसेल उमटली तर रेघेवरून ब्लेडचं टोक हलकेच फिरवा आणि पुन्हा थोडा सॉफ्टर.

राउंडेल फ्लॅप किंवा एलेरॉनवर (पंखामागच्या हलत्या पट्ट्यांवर) अर्धं येत असेल तर सुकल्यावर त्या सांध्यावर कापून घ्या. खऱ्या विमानात तो भाग हलतो, रंगही तिथं तुटलेला असतो.

भारतीय राउंडेलची एक खास अडचण. गडद हिरव्या-करड्या कॅमोफ्लाजवर पांढरा पट्टा मळका दिसतो आणि केशरी विटकरी, कारण छपाईतला पांढरा पुरेसा दाट नसतो. शीटवर दोन राउंडेल जास्त असतील तर एकावर एक लावणं हा सगळ्यात सोपा मार्ग, पण दोन्हींचा मध्य जुळला पाहिजे. त्यापेक्षा नीट काम म्हणजे कोऱ्या पांढऱ्या डिकलमधून राउंडेलपेक्षा किंचित लहान चकती कापून आधी ती लावायची, पूर्ण सुकू द्यायची, मग वरून राउंडेल.

एडुआर्ड या कंपनीच्या अलीकडच्या डिकलची तऱ्हा वेगळी आहे. त्यांच्यावरची पारदर्शक फिल्म डिकल बसल्यानंतर सोलून काढता येते आणि मागं फक्त शाई राहते. सूचनापत्र वाचल्याशिवाय सोलू नका आणि सोललेल्या शाईवर कडक औषध टाकू नका.

६. स्टेन्सिल

कंटाळवाणं काम, पण लढाऊ विमान त्यानंच खरं वाटतं. कॉकपिटच्या बाजूचा लाल त्रिकोण म्हणजे आत इजेक्शन सीट आहे, त्यात स्फोटक आहे, असा जमिनीवरच्या माणसाला इशारा. हवा ओढणाऱ्या तोंडापाशी धोक्याची खूण. पंखावर ‘इथं पाय देऊ नका’. हे तेवढे न चुकता लावा. १/७२ मध्ये बाकीचे काही गाळले तरी कुणाचं बिघडत नाही, माझं मत विचाराल तर अख्खी शीट लावण्याच्या हट्टापायी पुष्कळ मॉडेलं अर्धवट पडून राहतात.

एका वेळी तीन-चारच पाण्यात टाका. उलटसुलट लागलेला स्टेन्सिल भिंगातूनच कळतो, म्हणून वाचून लावा.

७. तरीही चंदेरी झाक आली तर

बारीक सुईनं त्या भागात टोचे मारा, वर सॉफ्टरचा थेंब सोडा, सुकू द्या, परत बघा. दोन-तीन वेळा करावं लागतं. मॅट कोट मारल्यावर झाक झाकली जाईल या आशेवर राहू नका. झाकली जात नाही.

८. नंबर शीटवर नसेल तर

इथं आपला बाजार कामाला येतो.

काळे नंबर घरी बनवता येतात. वॉटरस्लाइड कागद, म्हणजे कोरा डिकल कागद, मागवा, पण लेझरचा वेगळा आणि इंकजेटचा वेगळा, हे बघून. इंकजेटचा कागद लेझर प्रिंटरमध्ये घातला तर आतल्या उष्णतेनं फिल्म वितळून तापणाऱ्या रोलरला चिकटू शकते, मग डीटीपीवाला तुम्हाला पुन्हा दारात उभं करणार नाही. लेझरवर छापलेलं पाण्याला टिकतं. इंकजेटवर छापलेल्याला पाण्यात टाकायच्या आधी क्लिअरचे दोन-तीन हलके कोट लागतात, नाहीतर शाई वाहून जाते.

लग्नपत्रिका आणि बॅनर करणाऱ्या कुठल्याही डीटीपीच्या दुकानात कोरल (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) असतंच. नंबरचा फोटो खाली ठेवून अक्षरं त्यावरून गिरवून घ्या, तयार फाँट सहसा जुळत नाही. फाइलमध्ये कोपऱ्यात बरोबर ५० मिलिमीटरची एक रेघ काढून ठेवा. आधी साध्या कागदावर छापा आणि ती रेघ पट्टीनं मोजा. ४८ भरली तर ‘फिट टू पेज’ चालू राहिलंय. महागाचा कागद त्यानंतरच प्रिंटरमध्ये.

साध्या प्रिंटरला पांढरा रंग नसतो. म्हणून पांढरे नंबर किंवा राउंडेल असं बनत नाही. त्यासाठी रेडियमवाल्याकडं जा. गाड्यांचे नंबर आणि स्टिकर कापणारा जो प्लॉटर त्याच्याकडं असतो, तो राउंडेलचे मास्क, म्हणजे रंग मारताना चिकटवायचे साचे, सुंदर कापतो. कोरलची फाइल पेन ड्राइव्हवर न्या, आणि नेहमीचं व्हिनाइल नको म्हणून सांगा. त्याचा गोंद इतका कडक की काढताना खालचा रंग घेऊन येतो. टामियाची चिकट मास्किंग शीट स्वतः न्या. १/७२ चे नंबर दाखवलेत तर ‘एवढं बारीक आगंगिल्ल री (होणार नाही हो), अक्षर सुटंना झालंय’ असं ऐकायला मिळेल, आणि ते खरंच आहे. साधारण पाच मिलिमीटरच्या खालची अक्षरं ब्लेडखाली उखडतात. राउंडेल, फिन फ्लॅश, १/४८ चे मोठे नंबर, एवढ्यासाठीच मास्क ठेवा.

मास्कनं राउंडेल रंगवताना क्रम असा: आधी पूर्ण वर्तुळ पांढरं. ते वाळल्यावर पांढऱ्या पट्ट्याची कडी आणि मधली चकती दोन्ही चिकटवून केशरी. मग मधली चकती काढायची, केशरी टेपनं झाकायचा आणि हिरवा. रंग पातळ आणि कोरडा मारा, जाड मारलात तर मास्क काढताना कड उचलते. असं रंगवलेलं राउंडेल जवळून बघितलं तर डिकलपेक्षा उजवंच असतं. ना फिल्म, ना चंदेरी झाक.

९. शेवटचा थर

डिकल सुकल्यावर, निदान रात्रभरानं, ओल्या कापडानं सेटर-सॉफ्टरचे डाग आणि गोंदाचे ओघळ पुसून काढा. हे राहिलं तर वर्षभरात तिथं पिवळट कड दिसते. त्यावर पुन्हा एक हलका ग्लॉस, मग पॅनेलच्या रेघांत वॉश (पातळ गडद रंग), मग मॅट किंवा सेमी-ग्लॉस. वॉश थेट उघड्या डिकलवर लावला तर कडेनं आत शिरतो.

मॅटलाही पावसाळ्याचा तोच नियम. उलट जास्तच कडक, कारण दुधाळ झालेला मॅट सुधारणं अवघड.

१०. उरलेली शीट

उरलेले नंबर आणि राउंडेल टाकू नका, पुढच्या विमानाला लागतात. झिपच्या पिशवीत पुठ्ठ्यासोबत सपाट घाला, आत सिलिका जेलची पुडी टाका, पिशवीवर स्केल आणि विमान लिहा. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, शीट एकमेकींना चिकटतात.

पिवळी पडलेली शीट पिशवीसकट खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, छापील बाजू बाहेर. मार्च-एप्रिलच्या उन्हात आठवडा-दोन आठवड्यांत फिल्मचा पिवळेपणा बराच उतरतो. दर दोन-तीन दिवसांनी बघत राहा आणि वळवाचं आभाळ भरून आलं की काढून घ्या.